टीव्हीला फक्त उजवा हात कळतो

श्टुटगार्ट,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय आई,

फोनवर हे सांगून होत नाही. तू 'जेवलास का'पासून सुरू करतेस, बाबा 'आज किती डिग्री'पासून, आणि आजीच्या हातात फोन गेला की पुढची दहा मिनिटं मला तिच्या कानातली कुडी दिसते. म्हणून लिहितोय. छोटीला मोठ्यानं वाचायला लाव. मधलं काही गाळायचं नाही म्हणावं.

तर बातमी अशी की शुक्रवारी रात्री मी नाचलो.

हसून घ्या सगळे. थांबतो.

तुला माझा इतिहास माहीत आहे. गणपतीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघायची, ढोल रविवार कारंज्याला येईपर्यंत पोरं घामानं निथळायची, आणि मी कडेला. कोणी हात धरून ओढायला लागलं की म्हणायचो, 'तुम्ही नाचा, मी चपला सांभाळतो.' दहा वर्षं मी मंडळाच्या चपला सांभाळल्या. एकही हरवली नाही, हेही खरं.

इथे आता साडेचारला दिवेलागण होते. ऑफिसातून निघतो तेव्हा मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं. शुक्रवारी सगळे माझ्याकडे जमलो होतो: आमचा सांगलीकर, हॉस्पिटलात नर्स असलेली केरळची चेची (म्हणजे ताई), ऑफिसातली तुर्की मैत्रीण आणि वरच्या मजल्यावरची ब्राझीलची मुलगी, ती इथे शिकते. मी मिसळ केली होती. मटकीला मोड यायला तीन दिवस लागले, शेवटी फडक्यात बांधून हीटरवर ठेवली. फरसाणाऐवजी तू दिलेला चिवडा घातला. पापड मात्र भाजला, पापडाशिवाय मिसळ दिली असती तर नाशिकला तोंड दाखवता आलं नसतं. तुर्की मैत्रिणीनं तर्री नुसती प्यायली आणि म्हणाली, अजून आहे का? तिला आपल्याकडचीच समजा.

जेवण झाल्यावर सांगलीकरानं पिशवीतून त्याचा सेकंडहँड निन्टेंडो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेमचा डबा, काढला, माझ्या टीव्हीला जोडला आणि 'जस्ट डान्स' लावलं. टीपॉय बेडरूममध्ये गेला, गालिचा गुंडाळला गेला, आणि मी सवयीनं म्हणालो, 'तुम्ही खेळा, मी भांडी घासतो.' चालू दिलं नाही.

हा खेळ काय ते सांगतो. पडद्यावर एक बाई नाचत असते. कार्टून नाही, खऱ्या नर्तकांना स्टुडिओत नाचवून त्यांचं चित्रीकरण करतात आणि मग त्यावर भडक रंग चढवतात. पुढची मुद्रा कुठली हे सांगणारी छोटी छोटी माणसं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून सरकत येतात. आपण तिच्यासारखं करत जायचं. प्रत्येक मुद्रेला टीव्ही लगेच शेरा मारतो: चांगलं, फार चांगलं, परफेक्ट, नाहीतर सरळ फुली. ती फुली बघून मला शाळेतल्या तुझ्या शिट्टीचीच आठवण झाली.

पण टीव्हीला आपण दिसत नसतो, आई. आपल्या उजव्या हातात एक बोटभर लांबीचं कंट्रोलर असतं, त्याला जॉय-कॉन म्हणतात. हात किती जोरात आणि कुठल्या दिशेनं हलला, मनगट कसं वळलं, एवढंच त्यातल्या सेन्सरना कळतं. पाय, कंबर, डावा हात, चेहरा, सगळं हिशेबाबाहेर. छोटे, तू विचारणारच म्हणून सांगतो, कंट्रोलर नसेल तर फोन हातात धरूनही खेळता येतं. पण घामेजलेल्या हातात बाबांचा फोन धरून तू टीव्हीसमोर उभी राहू नकोस, फोन आणि टीव्ही एकदमच जातील.

पहिलं गाणं मी आणि सांगलीकर. मी जीव तोडून नाचलो. घोट्यापासून मानेपर्यंत. आणि हा गडी सोफ्यावर बसून राहिला, डाव्या हातानं चिवडा खात उजवा हात नुसता पडद्याकडे बघून हलवत होता. मला मिळाले तीन हजार आणि काहीतरी. त्याला आठ हजारांच्या वर. मी म्हणालो, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, 'मग टीव्हीकडे तक्रार कर.'

बाबा, तुमच्यासाठी आकडे. एका गाण्याला जास्तीत जास्त गुण १३,३३३. दहा हजारांना पाच तारे, अकरा हजारांना सुपरस्टार, बारा हजारांना मेगास्टार. तेरा हजार तीनशे तेहतीसच का, हा तुमचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला. मीही विचारला, कोणालाच सांगता आलं नाही. प्रेसमध्ये हिशेब जुळेपर्यंत जागचे न हलणारे तुम्ही, तुम्हाला या आकड्यावर झोप लागणार नाही.

आणि कंपनी कोणाची, हेही तुम्ही विचारणार. फ्रान्सची, युबिसॉफ्ट. वेड्या सशांचा त्यांचा एक खेळ होता, त्यात नाचायचा एक छोटा तुकडा होता. तोच फुगवून २००९ मध्ये 'जस्ट डान्स' निघालं, तेव्हा वी नावाच्या यंत्रावर. पण नाचायचे खेळ त्याच्या आधीचे. जपानच्या कोनामीनं १९९८ मध्ये बाणांच्या पाटीवर नाचायचं यंत्र काढलं होतं, पडद्यावर बाण वर चढत येतो आणि तोच बाण पायानं दाबायचा. तसलंच एक आपण मॉलच्या गेम झोनमध्ये बघितलं होतं, छोटीनं कुपन संपेपर्यंत सोडलं नव्हतं आणि मी तिची सॅन्डल धरून उभा होतो. म्हणजे तिथेही चपलाच. मग २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. तो कॅमेराच होता, माणसाचं सगळं अंग बघायचा. त्याच्यासमोर सोफ्यावर बसून कोणाला गुण मिळाले नसते. तो २०१७ मध्ये त्यांनी बनवायचाच बंद केला. सगळं अंग बघणारा गेला, नुसता हात बघणारा टिकला. सांगलीकरासारख्यांचं फावलं.

आता खरी गोष्ट, आई. हिच्यासाठीच पत्र लिहायला बसलो.

माझे तीन हजार का आले? हात मी भरपूर हलवला होता. चेची मागे उभी राहून बघत होती, ती म्हणाली, 'तू उलटा नाचतोयस.' पडद्यावरच्या बाईच्या एका हातात रंगीत मोजा असतो. पडद्यावर तो हात उजव्या बाजूला दिसतो, पण ती आपल्याकडे तोंड करून उभी असल्यामुळे तो असतो तिचा डावा. तिनं डावा उचलला की मी प्रामाणिकपणे माझा डावा उचलत होतो. कंट्रोलर उजव्या हातात, तो खाली लोंबत पडलेला. टीव्हीच्या मते मी नुसता उभा होतो. चेची म्हणाली, 'अरे, तो आरसा आहे. तिचा हात कुठला ते सोड. ज्या बाजूला दिसतो, त्या बाजूचा उचल.'

आणि आई, मला एकदम शाळेचं मैदान दिसलं.

पंधरा ऑगस्टच्या आधीचे पंधरा दिवस. चिखल. साठ पोरं, साठ लेझिमी, आणि तू आमच्याकडे तोंड करून उभी, पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी. तू ओरडायचीस 'डावा!' आणि स्वतःचा उजवा पाय पुढे टाकायचीस. चौथीतल्या मला मनापासून वाटायचं, आईला डावं-उजवं कळत नाही. पण बाईंच्या मुलानं साठ पोरांत बाईंची चूक कशी काढायची? म्हणून मी गप्प राहायचो, आणि तू बोलतेस ते सोडून तू करतेस ते करायचो. तुझा उजवा, तर माझाही उजवा. अख्ख्या मैदानात एकटा. तू शिट्टी मारून यायचीस, माझी पोटरी धरून पाय बदलायचीस, आणि दोन दिवसांनी मला शेवटच्या रांगेत नेऊन ठेवलंस. घरी आल्यावर तू बाबांना म्हणालीस, 'पोराला ताल नाही.' मी आतून ऐकलं होतं. त्यानंतर मी चपला सांभाळायला लागलो.

तुझ्यावर राग नाही. पण आपण समोरून शिकवताना आरसा होतो, हे तू मला एकदा तरी सांगायचं होतंस! मला वाटतं, तुला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नसेल.

दुसरं गाणं मी आरसा समजून खेळलो. सात हजार दोनशे. त्यात एक गोल्ड मूव्ह असते, त्या मुद्रेला पडद्यावरची आकृती सोन्यासारखी चमकते आणि गुण जास्त मिळतात, तीही लागली. सांगलीकर सोफ्यावरून उठला. उठल्यावर तो हरला, कारण पाय हलवायला लागला की त्याचा हात विसरतो. मला फार समाधान वाटलं.

आम्ही सगळे मोजे घालून, चवड्यांवर उड्या मारत होतो. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता ठेवायची असते, रविवारी तर दिवसभर. त्याला रूहेत्साइट म्हणतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई घड्याळाच्या पक्क्या आहेत. रंगपंचमीला रहाडीच्या हौदात धप्पा मारल्यासारखी उडी इथे चालत नाही. पावणेदहाला खेळ बंद केला.

तिथे थांबलो असतो तर ठीक होतं. पण ब्राझीलच्या मुलीनं विचारलं, 'तुमच्या गावाला काय नाचतात?' आणि सांगलीकर पटकन म्हणाला, 'ह्याची आई लेझीम शिकवायची.' मग काय. मी फोनवर नाशिक ढोल लावला, अगदी हळू. लेझीम नव्हती, म्हणून प्रत्येकाला किल्ल्यांचा जुडगा दिला. चेचीच्या हातात दोन चमचे. चौघं समोर रांगेत, आणि मी त्यांच्याकडे तोंड करून.

लेझिमीचे 'चार आवाज' घेतले. आधी नुसते हात. मग पाय घ्यायचे ठरवलं, आणि तोंडानं 'डावा' म्हणत माझाही डावाच पुढे गेला. समोरचे दोघं बरोबर, दोघं उलट. पुन्हा. 'डावा' म्हणायचं आणि उजवा टाकायचा. जीभ एकीकडे, पाय दुसरीकडे, वर मोजणी चुकवायची नाही आणि कोणाचा पाय चुकतोय तेही बघायचं. चार माणसांत मला घाम फुटला. तू हे साठ पोरांसमोर, ऑगस्टच्या चिखलात, साडी नेसून वर्षानुवर्षं कसं केलंस? आणि परत शेवटच्या रांगेतला माझा पाय दिसायचा तुला!

तुर्की मैत्रीण पहिली जमली. ब्राझीलवालीनं किल्ल्या ठेवून पातेलं उपडं घातलं आणि ताशाच धरला, फार गोड वाजवलंन. चेचीचा पाय सारखा चुकत होता, तेव्हा मी जाऊन तिचा पाय माझ्या पायाच्या टोकानं ढकलला. तिला राग आला नाही. मला मात्र तू आठवलीस.

दहा वाजून गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाच डिसेंबरच्या रात्री इथली मुलं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात, आणि सहाला सकाळी त्यात संत निकोलाउसनं ठेवलेला खाऊ सापडतो. मी काही मुद्दाम ठेवले नव्हते. खेळायला जागा व्हावी म्हणून सगळ्यांचे बूट दाराबाहेर काढले होते, त्यात माझेही. पाहुणे आपापले घालून गेले, माझे तिथेच राहिले. काल सकाळी दार उघडलं तर उजव्या बुटात एक संत्रं आणि चांदीच्या कागदातला चॉकलेटचा निकोलाउस. डाव्या बुटात घडी घातलेली चिठ्ठी. खालच्या आजीबाईंचं अक्षर, एकच ओळ: '२२:०७ पर्यंत किल्ल्या.'

बघ, दीड तासाच्या उड्यांची तक्रार नाही. लेझीम तेवढी खाली पोचली.

मी संध्याकाळी जाऊन माफी मागितली, उरलेला चिवडा दिला. तिखट आहे का, विचारलं त्यांनी. मी नाही म्हणालो. आज सकाळपासून त्या जिन्यात दिसलेल्या नाहीत, त्यामुळे थोडी धाकधूक आहे.

आता काम. सांगलीकराचे आईवडील जानेवारीत येतायत, त्यांच्या सामानात दोन किलो जागा मागून ठेवली आहे. चिवडा एक किलो, पापड, आणि काळा मसाला तू केलेला, विकतचा नको. आजीनं विणलेले लोकरीचे मोजे असतील तर ते, तळवा जाड हवा. लेझीम अजिबात पाठवू नकोस, मला हे घर सोडायचं नाहीये.

आणि छोटीला सांग, गच्चीत तुझा एक व्हिडिओ काढून पाठव. 'चार आवाज', 'पवित्रा', मग 'दो रुख', हळूहळू, मोजत. गुडघा दुखत असेल तर नुसते हात केलेस तरी चालेल. मागून काढू नका, समोरूनच काढा. पुढच्या शनिवारी सगळे परत येतायत, संध्याकाळी सहाला, म्हणजे वेळेत संपेल.

बाबांना आणि आजीला नमस्कार. आज उणे दोन डिग्री.

तुझा,
पिंट्या

ता. क. चौथीत मला ताल होता की नव्हता, याचा फेरविचार व्हावा ही विनंती.