आजन्म बंदी हवी, पण कोणत्या गुन्ह्यासाठी?

संपादक महोदय,

शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधींवर निवडणूक लढविण्यास आजन्म बंदी असावी की नाही, ही चर्चा अधूनमधून उफाळून येते आणि बहुधा ‘सगळ्यांनाच कायमचे घरी बसवा’ या मागणीपाशी येऊन थांबते. त्यामागचा संताप रास्त असला, तरी माझ्या मते ही बंदी गुन्ह्याचे स्वरूप पाहून ठरली पाहिजे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 8 मध्ये भ्रष्टाचारासह काही विशिष्ट गुन्हे नमूद आहेत; त्यांपैकी बहुतेकांत शिक्षा कितीही असो, दोषी ठरताच अपात्रता येते. इतर गुन्ह्यांत दोन वर्षे वा त्याहून अधिक कैद झाली, तर सदस्य अपात्र ठरतो आणि सुटकेनंतरही सहा वर्षे त्याला निवडणूक लढविता येत नाही. अपील दाखल करून पद टिकविण्याची विद्यमान सदस्यांची सोय सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये लिली थॉमस खटल्यात रद्द केली, हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे शिक्षेच्या मुदतीला अवाजवी महत्त्व आले. मार्च 2023 मध्ये बदनामीच्या खटल्यात राहुल गांधी यांना त्या गुन्ह्यासाठीची कमाल, म्हणजे नेमकी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची खासदारकी गेली. शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी ती गेली नसती, याकडे ऑगस्टमध्ये दोषसिद्धीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयानेच लक्ष वेधले. दुसरीकडे, गायी वाटपाच्या सरकारी योजनेतील अपहारप्रकरणी एक वर्षाची कैद भोगून 2018 मध्ये सुटलेले प्रेमसिंग तमांग पुढच्याच वर्षी सिक्कीमचे मुख्यमंत्री झाले आणि निवडणूक आयोगाने कलम 11 चा आधार घेऊन त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली. हे कायद्यात बसते, हीच तर तक्रार आहे.

सार्वजनिक पैशाचा अपहार, लाचखोरी आणि मतदानप्रक्रियेतील गैरप्रकार यांसाठी बंदी कायमची असावी आणि तेथे कलम 11 लागू होऊ नये. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सरकारी शिपायाला घटनेच्या अनुच्छेद 311 नुसार विभागीय चौकशीविनाही बडतर्फ करता येते. मंत्र्यासाठी कसोटी त्याहून सैल का असावी? भाषण किंवा आंदोलन यांतून उद्भवलेल्या गुन्ह्यांत मात्र भोगलेली शिक्षा पुरेशी मानून पुढचा निर्णय मतदारांवर सोडावा.

अर्थात, कायमची बंदी पहिल्याच निकालावर लादता येणार नाही. दोषसिद्धीमुळे जयललिता यांना सप्टेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना त्या खटल्यांत निर्दोष ठरविले. म्हणून अपिलाचा निकाल लागेपर्यंत सध्याचीच अपात्रता राहावी, आणि अशी अपिले एका वर्षात निकाली काढण्याचे बंधन कायद्यातच घालावे.

आपला,
एक नियमित वाचक