वालाच्या खाचरात तणनाशक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातकापणी उरकत आली की रायगड जिल्ह्यात खाचरातली ओल उडायच्या आत वाल पेरण्याची घाई सुरू होते. याच घाईत मोकळ्या खाचरातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारून आठवडाभरात तिथेच पेरणी करण्याची पद्धत आमच्या भागात दिसू लागली आहे.

गेल्या हंगामात मीही तेच केले. दुकानदाराने आठ दिवस सांगितले होते, मी बारा दिवस थांबलो. वाल उगवला, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून पाने वाटीसारखी वळली, देठ पिळवटले आणि शेंडा खुंटला. बांधापलीकडच्या, न फवारलेल्या खाचरात तेच बियाणे सरळ वाढत होते, त्यामुळे बियाण्याला बोल लावण्याची सोय उरली नाही.

टू-फोर-डी मुख्यतः रुंद पानांच्या झाडांना मारते. भाताला ते सोसते. पण वाल, चवळी, काकडी, कलिंगड ही पिकेही रुंद पानांचीच. जमिनीत त्याचे विघटन प्रामुख्याने सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना ऊब व ओल दोन्ही लागतात, म्हणून भर पावसाळ्यात ते काही आठवड्यांत विरत असले तरी पाऊस सरून जमीन सुकू लागल्यावर तोच हिशेब धरता येत नाही. अशा पिकांआधी निदान महिनाभर अंतर ठेवावे. कलिंगडाला पाणी द्यायचेच असते, तिथे थांबणे परवडते; वाल मात्र ओलीवरच येतो आणि महिनाभर थांबले तर ओलच जाते. तेव्हा वालाच्या खाचरात कापणीनंतर फवारणी करूच नये, नांगरट करून उरलेले तण हाताने काढावे. (वालाच्या शेंगा मडक्यात भाजताना, म्हणजे पोपटीला, लागणारा भांबुर्ड्याचा पालाही या औषधाच्या लेखी तणच!)

फवारणी झालीच असेल, तर एका कुंडीत त्या खाचराची आणि दुसरीत न फवारलेल्या जागेची माती घेऊन दोन्हींत वालाचे आठ-दहा दाणे पेरावेत व तिसरे पान येईपर्यंत पाहावे. तणनाशकाचा पंपही नीट धुतल्याशिवाय भाजीपाल्यावर वापरू नये.

कृषी सहाय्यकांनी हे कापणीआधीच गावोगाव सांगावे आणि विक्रेत्यांनी औषध देताना पुढचे पीक कोणते, एवढे तरी विचारावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी, ता. रोहा, जि. रायगड