तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना

प्रिय आजी,

हे पत्र मराठीत लिहिते आहे. रविवारी तुम्ही कॉफीला याल तेव्हा माझी लेक ते तुम्हाला जर्मनमध्ये वाचून दाखवेल. मराठीत अशासाठी, की तुम्ही मला काय दिलंत ते माझ्या गावाकडच्या माणसांनाही कळावं.

बर्लिनच्या श्योनेबर्गमध्ये राहायला आलो, त्याच आठवड्यात आपल्या इमारतीच्या दारात माझा पाय फुटपाथमधल्या तीन पितळी चौकोनांवर पडला. खाली पाहिलं तर नावं! मी दचकून बाजूला झाले आणि सवयीनं वाकून हात लावून नमस्कार केला. तुम्ही पिशवी घेऊन मागे उभ्या होतात. ‘काय केलंस?’ म्हणून विचारलंत. आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात, ही तर माणसांची नावं, ती पायदळी का ठेवलीत, असं मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. जरा चिडूनच.

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, म्युनिक शहरातही हाच आक्षेप घेतला गेला. ज्यांना नाझींच्या काळात लाथाडलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत, असं तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख यांनी ठामपणे सांगितलं आणि तिथं सार्वजनिक रस्त्यांवर असे दगड बसवू देत नाहीत. मग म्हणालात, ‘पण वाचायला तुला वाकावं लागलं ना?’ त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करत होते.

या चौकोनांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे अडखळायचा दगड; नाझींनी नेलेल्या, मारलेल्या माणसांच्या घरासमोर तो बसवतात. गुंटर डेमनिग या कलाकारानं 1992 साली कोलोनमध्ये पहिला बसवला आणि 2023 मध्ये न्युर्नबर्गला एक लाखावा. दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर पितळेचा पत्रा, त्यावर ठोकलेली अक्षरं: ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आपल्या दारातल्या तिघांची नावं मी इथे लिहीत नाही. ती त्यांच्या दारातच वाचावीत.

हे दगड आपोआप आले नाहीत, हे नंतर कळलं. तुम्ही मजल्यामजल्यावर फिरून वर्गणी काढलीत. एका घरानं दार लावून घेतलं, तरी तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा बेल वाजवलीत. पॉट्सडामच्या अभिलेखागारात बसून त्या कुटुंबाची फाइल शोधलीत. त्या फाइलची झेरॉक्स तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलीत तो दिवस मी विसरणार नाही. ज्यूंना न्यायच्या आधी प्रत्येकाकडून सोळा पानी फॉर्म भरून घेत. खुर्च्या किती, टेबलक्लॉथ किती, चमचे किती, मोजे किती. सगळं सुबक अक्षरात. माणसं गेल्यावर त्याच यादीवरून घरं रिकामी केली, सामान विकलं. ‘घेणारे इथलेच होते,’ तुम्ही म्हणालात आणि माझा कप बाजूला सरकवून चमच्यांच्या ओळीवर बोट ठेवलंत. मला तेव्हापर्यंत वाटायचं की हे सगळं दूर कुठेतरी, तारेच्या कुंपणाआड घडलं. ते जिन्यातून सुरू झालं होतं. आपल्याच जिन्यातून.

त्यानंतर आपल्या भागातल्या दिव्याच्या खांबांवरच्या, त्या काळचे नियम आठवणीसाठी लिहिलेल्या पाट्याही मी वाचायला लागले. ज्यूंनी दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात किराणा घ्यावा, 4 जुलै 1940. ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, 15 फेब्रुवारी 1942. अशा ऐंशी पाट्या. रोज त्यांच्याखालून भाजी घेऊन जात होते मी!

आणि 9 नोव्हेंबर. 1938 साली त्याच रात्री नाझींनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली. एका वर्षी त्याच तारखेच्या संध्याकाळी तुम्ही फडकं, पॉलिशची डबी आणि मेणबत्त्या घेऊन खाली निघालात. हा माझा इतिहास नाही, मी कशाला मध्ये, म्हणून मी दारात घुटमळत होते. तुम्ही काही न बोलता दुसरं फडकं माझ्या हातात दिलंत. वर्षभरात पितळ काळवंडलं होतं. आमच्याकडे दिवाळीला समई चिंच-मिठानं घासतात, तसाच हात फिरला. आधी जन्मसाल उजळलं, मग नाव. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. शेजारच्या बेकरीतून बाहेर पडलेला एक मुलगा थांबला, वाकला.

लेकीची सहावी झाली त्या वर्षी ल्योकनित्स शाळेच्या रिवाजाप्रमाणे तिनंही या भागातून नेलेल्या एका व्यक्तीचं नाव विटेवर लिहिलं. शाळा जुन्या सिनेगॉगच्या जागेवर आहे, आणि 1994 पासून मुलं अंगणात अशा विटांची भिंत वाढवताहेत. तिनं स्वतःच्याच वाढदिवशी जन्मलेली एक बाई निवडली. ‘स’चं वळण नीट यावं म्हणून तुम्ही तिच्याबरोबर तासभर कागदावर गिरवत बसलात, तेही मला आठवतं.

आजी, मनापासून आभार. फडक्याचे, फाइलचे, आणि त्या दिवशी माझ्या रागाला नीट उत्तर दिलंत त्याचेही.

यंदा तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसायचं नाही. पॉलिशची नवी डबी मी आणली आहे. तुमची खुर्ची फुटपाथवर ठेवते, घासायचं काम माझं. नावं मात्र तुम्हीच वाचा, माझा उच्चार अजून चुकतो.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण