'थंड जागी ठेवा' म्हणजे नक्की किती थंड?

मा. संपादक,

घरच्या घरी बिअर बनवण्यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, वाचला, आवडला, पण माल्ट आणि हॉप्सवर एवढं सगळं लिहून आंबवण्याबद्दल काय, तर 'फर्मेंटर (म्हणजे आंबवायचं भांडं) थंड जागी ठेवा', बस्स. अहो चव तर तिथेच ठरते, आणि वाट पण तिथेच लागते.

माझ्या पहिल्या बॅचचंच सांगतो. यीस्टच्या पाकिटावर १८ ते २२ अंश लिहिलेलं, खोली होती २४, म्हटलं दोन अंशांनी काय होतंय. झाकण उघडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, २० लिटर सरळ मोरीत. नंतर कळलं की खोलीचं टेम्परेचर वेगळं आणि बिअरचं वेगळं. यीस्ट साखर खाताना स्वतःच उष्णता सोडतं, ऐन जोरात असताना आतली बिअर खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असू शकते, म्हणजे माझी २८ च्या आसपास गेली असणार. यीस्ट असं तापलं की भराभर काम उरकतं खरं, पण सोबत फ्यूजल अल्कोहोल (घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं) आणि नको ते एस्टर्स (फळांसारखा नाहीतर रिमूव्हरसारखा वास देणारी द्रव्यं) सोडून जातं, आणि तो वास नंतर कितीही दिवस बाटलीत ठेवा, फारसा जात नाही.

त्यामुळे खरी राखण पहिले तीन दिवस. त्यातही सगळ्यात मोठी चूक म्हणजे उकळलेला वर्ट (माल्टचं गोड पाणी) नीट गार न करता, कोमट असतानाच यीस्ट टाकून मोकळं होणं आणि मग रात्रभर तो खाली आणायला धडपडणं. आधी १८ वर आणा, मग टाका.

फ्रिज अडवायची सोय नसेल तर मोठा टब घ्या, फर्मेंटर त्यात ठेवा, बिअरच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी, वरून जुना टीशर्ट घालायचा, त्याची खालची कड पाण्यात बुडलेली हवी म्हणजे पाणी आपोआप वर चढत राहतं, आणि समोर फॅन. घाम वाळताना अंगाला गार वाटतं ना, तेच इथे. हवा दमट असेल तर मात्र याचा फार उपयोग नाही, मग बर्फाच्या बाटल्या. हिशोब सोपा आहे, १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, २० लिटर पाणी १ अंशाने उतरवायला लागतात ८४, म्हणजे फार तर ४ अंश, तेही टबातलं पाणी न धरता. म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली बदलायची, एकदम सहा कोंबायच्या नाहीत, नाहीतर यीस्ट गारठून झोपतं आणि आंबणं अर्ध्यात अडकतं. शिवाय पटकन गार झालं की एअरलॉकमधलं (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं, हे माझ्याकडे दोनदा झालंय, त्यामुळे त्यात पाणी उकळलेलंच घाला. थर्मामीटर भिंतीवर नको, फर्मेंटरला चिकटवा, टब असेल तर पाण्याच्या रेषेच्या वर, आणि त्यावर फोमचा तुकडा.

जोर ओसरला की दोन अंश वाढू द्या, उलट चांगलंच, लोण्यासारखी चव देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्ट परत खाऊन टाकतं.

हे सगळं एलचं, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बिअरचं झालं. लागरला, म्हणजे थंडीत सावकाश आंबणाऱ्या बिअरला, ८ ते १३ अंश लागतात, ते टबात जमवायचं म्हणजे नसता उपद्व्याप, त्याला फ्रिज आणि टेम्परेचर कंट्रोलरच हवा. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर नॉर्वेचं क्वेइक यीस्ट घ्या, ३० च्या वर पण मस्त चालतं.

तशी ही डोकेदुखी जुनीच आहे म्हणा, बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली होती, उन्हाळ्यात ती बिघडायची म्हणून. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने कूलिंगची यंत्रं केली तीही आधी ब्रुअरीवाल्यांसाठीच.

तर पुढचा भाग येणार असेल तर कृपया अंश आकड्यात छापा, आणि ते खोलीचे की बिअरचे तेही लिहा. वाचून कोणीतरी उद्याच २० लिटर लावून बसणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक