वरुडच्या दादांना, हॉप्सच्या त्या पाकिटाबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता. निघायच्या दिवशी काही बोलायला गेलो, तर "चाल, सामान टाक पयले गाडीत" म्हणून विषयच मोडलात. म्हणून आता चारचौघांत लिहितो. इथे मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

लिहितोय आमच्या घरच्या ओसरीत बसून. सेलू तालुका, बाहेर थ्रेशरवर सोयाबीन चाललंय, आणि दहा पावलांवर आई सांबार (कोथिंबीर) निवडत बसली आहे. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, सेवाग्राम इथून तासाभराच्या आत. आणि परवान्याशिवाय घरी बीअर करणं महाराष्ट्रात कुठेच चालत नाही, म्हणून माझी बीअरची बादली इंग्लंडात, लेस्टरलाच राहिली. तिकडे 1963 पासून घरच्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आईला मी लेस्टरच्या दोन वर्षांत "बार्लीचं पाणी करतो" एवढंच सांगितलंय. वाचणाऱ्यांत आमच्या गावचं कोणी असेल तर तेवढं सांभाळून घ्या.

तर ती माइल्ड एल, म्हणजे इंग्लंडातली काळपट, कमी दारूची बीअर. पहिला डबा मी दुकानदाराने सांगितलं तसाच केला होता. 1.8 किलोचा माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, काळपट पाक, वर किलोभर साखर, बादलीत पाणी भरून 23 लिटर, यीस्ट टाकलं, झाकलं. झाली ती बीअरच, पण कशी? पाणचट, जराशी गोड, घशाखाली गेल्यावर मागे काहीच नाही. एकट्याच्या खोलीत चाळीसेक बाटल्या, आणि पाव्हण्याला द्यायची लाज. मग डोक्यात आलं की हॉप्स, म्हणजे बीअरला चव देणारी वेलीची बोंडं, कमी पडले. दुसऱ्या डब्याच्या वेळी फगल जातीच्या हॉप्सचं 100 ग्रॅमचं पाकीट आणलं, फाडलं, आणि सबंध ओतायच्या आधी सहज तुम्हाला फोन लावला. ओळख तरी किती होती आपली? गणपतीच्या जेवणात एकदा पंगतीत शेजारी बसलो होतो, तुम्ही वरुडचे, मी सेलूचा, बस.

"काय करून राहिला रे?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग तुमचा तो प्रश्न: "पयले हे सांग, तुले कडू पाह्यजे का वास पाह्यजे?"

खरं सांगतो, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं हॉप्स म्हणजे मिठासारखं, जास्त टाकलं की जास्त लागतं. तुम्ही संत्र्यावर आणलंत. बागाईतदाराचं पोर, दुसरं काय आणणार! साल हातात घे म्हणालात. वरची केशरी बाजू नखाने दाबली की तेल उडतं, तो वास. आतला पांढरा भाग चावला की तोंड कडू. फळ एकच, साल एकच. हॉप्सच्या बोंडातही पिवळी भुकटी असते, तिच्यात दोन्ही असतं. तासभर उकळलं की कडूपणा पाण्यात उतरतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. शेवटी टाकलं की वास राहतो, कडूपणा फारसा चढत नाही. "आपल्या गोळाभातावर फोडणीचं तेल वरून घेतो ना, तसं," हेही तुम्हीच म्हणालात, आणि मला त्या थंडीत एकदम भूक लागली.

मग फोनवरच हिशेब मांडलात. डब्यातल्या पाकात कडूपणा कारखान्यातच घातलेला असतो, तो माइल्डच्या मापाचा. साध्या माइल्डमध्ये लिटरला दहा ते पंचवीस मिलिग्रॅम. माझ्या पाकिटावर अल्फा आम्ल, म्हणजे कडूपणा देणारा भाग, साडेचार टक्के लिहिलेलं, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साडेचार ग्रॅम. तासभराच्या उकळीत त्याचा साधारण चौथा हिस्सा उतरतो. 23 लिटरला भागलं तर लिटरमागे आणखी 49 मिलिग्रॅम! तिपटीपासून सहापटीपर्यंत कारलं झालं असतं. हिशेब झाल्यावर तुम्ही हसलात. मी पाकिटाला क्लिप लावली.

मी ठरवलं होतं त्याच्या जवळपास उलटंच केलं मग. किलोभर साखरेतली अर्धी काढून त्या जागी अर्धा किलो सुकं माल्ट, कारण नुसत्या साखरेने अंग पातळ होतं. दोन लिटर पाण्यात थोडं माल्ट घालून पातेल्यात उकळी आणली आणि 20 ग्रॅम हॉप्स फक्त दहा मिनिटं. हॉप्सच्या त्या दाबून केलेल्या गोळ्या पहिल्यांदा नीट बघितल्या तेव्हा हसू आलं, हुबेहूब ढोरांच्या ढेपेच्या गोळ्या, फक्त हिरव्या. उकळीत पडताच फुगून विरघळल्या आणि खोलीभर वास सुटला. पहिला पाऊस पडून गेल्यावर धुऱ्यावरचं गवत तुडवत जावं, तसा. मातीचा, गवताचा, जरासा पुदिन्याचा. खिडकीबाहेर लेस्टरचा पाऊस होता आणि त्याला कसलाच वास नव्हता. मी गॅस बंद करून तसाच उभा राहिलो. दादा, ही गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बादलीला गोधडी गुंडाळून ठेवली, कारण खोली पंधरा अंशांवर आणि यीस्टला अठरा-वीस तरी पाहिजे. पाचव्या दिवशी फेस बसला तेव्हा आणखी 15 ग्रॅम, मलमलच्या उकळलेल्या पिशवीत बांधून, तसेच कच्चे. "आता कायले भेतं? दारू तयार झाली आतमंधी, किडे नाही पडत," म्हणालात. चार दिवसांनी पिशवी काढली. जास्त ठेवलं तर गवतकाडी चावल्यासारखी चव येते, हे तुमचं बोलणं मी ऐकलं. तेवढंच ऐकलं नाही ते म्हणजे बाटलीत अर्धा चमचा साखर पुरे. मी सढळ हाताने टाकली आणि पहिल्या तीन बाटल्या उघडल्यावर छत धुतलं गेलं. तो दोष हॉप्सचा नाही, माझा.

उरलेल्या मात्र! आधी भाजलेल्या दाण्याची चव, भाकरीचा करपलेला पापुद्रा लागतो तशी, आणि गिळल्यावर मागून हळूच ते गवत. कडू म्हणावी तर नाही. तुम्ही ग्लास उजेडाकडे धरून, एक घोट घेऊन, "आता मागं काहीतरी हाय," एवढंच म्हणालात. एवढी तारीफ तुमच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही सांगितलं होतं की माइल्ड म्हणजे सौम्य असा अर्थ मुळात नव्हताच, माइल्ड म्हणजे न मुरवलेली, ताजी बीअर. पहिल्या महायुद्धानंतर बीअर पातळ होत गेली आणि तीन-साडेतीन टक्क्यांवर आली. मिडलँड्समधले खाणकामगार आणि कारखान्यांतले लोक पाळी सुटली की हीच प्यायचे, तीन-चार ग्लास आणि घरी. म्हणून तिच्यात हॉप्सने आरडाओरड करायची नसते. हे मला पटलं, तरी माझ्या मते 20 च्या जागी 25 चाललं असतं. आपला हा वाद अजून मिटलेला नाही.

इथे हॉप्स मिळणार नाहीत. भारतात ते हिमाचलातल्या लाहौलला पिकवतात, थंड हवेत. आमच्या पंचेचाळीस अंशांत ती वेल पहिल्याच मे महिन्यात जाईल. रिकामा डबा तेवढा कपड्यांत गुंडाळून आणला. आईने घासून त्यात मेथीदाणे भरलेत, चुलीच्या वरच्या फळीवर आहे. त्यावरचं इंग्रजी वाचायला तिला येत नाही, आणि मी वाचून दाखवत नाही.

एक काम राहिलं. तुमच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे, माझ्या पाकिटातले 65 ग्रॅम हॉप्स आहेत. काढून वास घ्या. जुन्या चीजसारखा येत असेल तर सरळ फेका. गवताचा येत असेल तर पुढच्या डब्याला 25 ग्रॅम टाकून बघा, शेवटची दहा मिनिटं. आणि ह्या वेळी अंगठा नको, कसं झालं ते लिहा.

तुमचा,
सेलूवाला