पेट्रोलियममंत्र्यांना खुले पत्र : तेलात आपला वाटा आहे, मग पाण्याची जबाबदारी कोणाची?

माननीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

ओएनजीसी विदेश ही आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतली, ओएनजीसीची परदेशातले तेल पाहणारी उपकंपनी. दक्षिण सुदानमधल्या ब्लॉक १, २ आणि ४ या तेलक्षेत्रांत तिचा २५ टक्के आणि ब्लॉक ५अ मध्ये सुमारे २४ टक्के वाटा आहे. ओएनजीसीत जवळपास ५९ टक्के मालकी सरकारची, म्हणजे आपणा सर्वांची. हा वाटा आपल्याकडे कसा आला आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, याबद्दल आपल्याकडे कुणी फारसे बोलत नाही. म्हणून हे पत्र.

ब्लॉक १, २, ४ मधला आपला वाटा आधी टॅलिस्मन या कॅनडाच्या कंपनीकडे होता. दक्षिण सुदान तेव्हा सुदानचाच भाग होता आणि तिथले यादवी युद्ध ऐन भरात होते. तेलाच्या पट्ट्यातली नुएर आणि डिंका लोकांची गावे सैन्य आणि सशस्त्र टोळ्या रिकामी करत होत्या. हे जगाला कळले ते मुख्यतः चर्चमुळे. सुदानमधल्या एल ओबेइदचे बिशप मॅक्रम मॅक्स गासिस अमेरिकेच्या संसदेपर्यंत जाऊन साक्ष देऊन आले. कॅनडातल्या चर्चसंस्था भागधारक म्हणून कंपनीच्या सभांत उभ्या राहिल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. कॅनडा सरकारने जॉन हार्कर यांना पाहणीसाठी पाठवले. तेलामुळे युद्ध अधिक चिघळते आहे आणि हेग्लिगची तेलक्षेत्रातली धावपट्टी लष्करी विमाने वापरतात, असे त्यांनी २००० साली अहवालात नमूद केले. दबाव इतका वाढला की टॅलिस्मनने वाटा विकायला काढला. मार्च २००३ मध्ये तो विकत घेतला ओएनजीसी विदेशने.

चर्चने ज्या कंपनीला जाब विचारून बाहेर काढले, तिच्या खुर्चीत आपण जाऊन बसलो. आपल्याला मात्र कुणी जाब विचारला नाही.

ब्लॉक ५अ ची कथा याहून गंभीर आहे. १९९७ ते २००३ या काळात तिथे जे घडले त्याचा अभ्यास युरोपातल्या संस्थांच्या एका आघाडीने केला. पॅक्स ख्रिस्ती या कॅथलिक शांतता चळवळीची डच शाखा आणि तिथले आंतरचर्च शांतता मंडळ यांची संयुक्त संस्था या आघाडीचे काम पाहत होती. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की सुमारे १२,००० माणसे मेली आणि १,६०,००० लोक हुसकावले गेले. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारी वकिलांनी तेव्हा या ब्लॉकमध्ये काम केलेल्या लुंडिन या स्वीडिश कंपनीची चौकशी सुरू केली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी स्टॉकहोममध्ये तिच्या दोन माजी प्रमुखांवर युद्धगुन्ह्यांना साहाय्य केल्याचा खटला उभा राहिला. दोघांनी आरोप नाकारले आहेत, निवाडा न्यायालयाचा आहे. भारताचा वाटा २००४ चा, या घटनांनंतरचा, हेही स्पष्ट लिहायला हवे. त्या हत्यांचा दोष मी आपल्या कंपनीवर ठेवत नाही. पण माणसे हाकलून मोकळी केलेली जमीन विकत घेणाऱ्याला निदान एवढे विचारावे लागते, की ती माणसे आता कुठे आहेत?

ती बरीचशी तिथेच आहेत, परत आलेली. २००८ च्या सुमारास थार जाथ तेलक्षेत्राजवळच्या रिएर गावात ‘साइन ऑफ होप’ या जर्मन ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी विहिरींचे पाणी तपासले, तर ते पिण्याजोगे नव्हते. जमिनीतून तेलाबरोबर खारट पाणी वर येते, ड्रिलिंगचा चिखल निघतो. त्याची नीट विल्हेवाट लावली नाही तर तो क्षार झिरपत हातपंपापर्यंत पोहोचतो. पुढे त्याच संस्थेने लोकांच्या केसांचे नमुने तपासले, त्यांत शिसे आणि बेरियम सापडले. हंडा भरून आणायचा, तोंडाला लावायचा आणि मुलांना ‘हे नको’ म्हणायचे; मग दलदलीचे पाणी प्यायचे. त्यात अलीकडच्या वर्षांतल्या महापुरांनी या तेलपट्ट्यातल्या बेंटियू शहराच्या भोवतीचा मुलूख पाण्याखाली घातला. ते पाणी तेलक्षेत्रांवरूनही पसरले.

या मुलखात सरकारी कचेरी असून नसल्यासारखी. टिकून राहिले ते चर्च. २०१४ च्या सुरुवातीला लेर गावावर हल्ला झाला, तेव्हा तिथले कोम्बोनी या कॅथलिक मिशनरी संघाचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी लोकांबरोबर रानात पळाले, त्यांच्याबरोबरच लपून राहिले. मिशन लुटले गेले. त्यांना विमानाने आधीच निघून जाता आले नसते असे नाही. ते गेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बेंटियू हा नवा धर्मप्रांत निर्माण केला आणि ख्रिस्तियन कार्लासारे यांना तिथले पहिले बिशप नेमले. हे इटालियन कोम्बोनी मिशनरी २००५ पासून त्या देशात आहेत आणि नुएर भाषा बोलतात. २०२१ मध्ये त्याच देशातल्या रुंबेकचे बिशप म्हणून नेमणूक झाल्यावर काही आठवड्यांतच रात्री घरात शिरून त्यांच्या दोन्ही पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोषी ठरलेल्यांत त्याच धर्मप्रांताचा एक धर्मगुरू होता, ही वेदना चर्चनेही लपवली नाही. इस्पितळातून त्यांनी क्षमा जाहीर केली आणि बरे होऊन तिथेच परतले. आता ते आपल्या तेलविहिरींच्या परिसरातले बिशप आहेत.

मिशनरी म्हटले की आपल्याकडे लगेच धर्मांतराचा मुद्दा निघतो. इथे तो गैरलागू आहे. बेंटियूत विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला, हरवलेल्यांची नावे लिहून ठेवायला माणूस हवा असतो, आणि तो बहुधा चर्चचा असतो.

मी वसईचा. ओएनजीसी आमच्या किनाऱ्याला परकी नाही. बॉम्बे हाय, उरण हे शब्द घरोघरी माहीत आहेत. समुद्रात तेलाचे सर्वेक्षण सुरू झाले की मच्छीमार संस्था निवेदन घेऊन जातात, आमदार-खासदारांना गाठतात, भरपाई मागतात, वर्तमानपत्रात बातमी येते. सगळेच पदरात पडते असे नाही, पण जायला दार असते. बेंटियूकडच्या कोच गावातल्या नुएर बाईला कुठले दार आहे? दिल्लीतल्या कंपनीचे नावही तिला ठाऊक असण्याची शक्यता कमी. तिचे म्हणणे धर्मग्रामातल्या माणसाकडून बिशपांकडे जाते आणि तिथून फार तर रोमला किंवा युरोपातल्या एखाद्या संस्थेकडे. ते दिल्लीलाही यावे, एवढीच माझी धडपड आहे.

ओएनजीसी विदेशने तिथून निघून जावे, अशी मागणी मी करणार नाही. टॅलिस्मन गेली, २०२४ मध्ये मलेशियाची पेट्रोनासही गेली. पाणी गोड झाले नाही. जाणाऱ्याच्या मागे खड्डे तसेच राहतात. दक्षिण सुदानच्या तिजोरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा तेलाचा. तेल एका रात्रीत बंद झाले तर आधी उपाशी राहील ती हीच माणसे. आपण राहावे, पण जबाबदारीने.

त्यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या वाट्याच्या तेलक्षेत्रांतली पाणी आणि मातीच्या तपासणीची आकडेवारी ओएनजीसी विदेशने प्रसिद्ध करावी, आणि नवी तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. दक्षिण सुदानच्या २०१३ च्या कायद्यानुसार तेलाच्या उत्पन्नातला २ टक्के वाटा तेल-उत्पादक राज्यांना आणि ३ टक्के स्थानिक समुदायांना मिळायचा आहे. आपली कंपनी तिथल्या सरकारला दरवर्षी किती रक्कम देते हे तिने जाहीर केले, तर आमचे ३ टक्के कुठे आहेत, असे तिथल्या लोकांना हिशेबासह विचारता येईल. आणि स्वच्छतेसाठी, गोड्या पाण्यासाठी वेगळी तरतूद हवी. आपल्या सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) नियमांत २०२१ पासून देशाबाहेरचा खर्च धरला जात नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती प्रकल्पखर्चातून व्हावी. घाण ज्या कामातून झाली, सफाई त्याच कामाच्या खात्यातून, हे न्याय्य आहे.

भारताचे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली त्या देशात उभे आहेत. ९ एप्रिल २०१३ रोजी गुमुरुकजवळ पाच भारतीय जवानांनी तिथे प्राण दिले. त्या देशात भारताची ओळख सैनिकांनी रक्त देऊन कमावली आहे. तेलामुळे ती मलिन होऊ नये.

दक्षिण सुदानची राजधानी जूबात आपला दूतावास आहे. पाऊस थांबला की डिसेंबरनंतर बेंटियूकडचे रस्ते थोडेफार उघडतात. येत्या कोरड्या हंगामात दूतावासाच्या आणि ओएनजीसी विदेशच्या अधिकाऱ्यांनी बेंटियूला जाऊन बिशप कार्लासारे, इतर चर्चचे पाळक आणि कोच, लेर, रुबकोना इथल्या गावकऱ्यांची भेट घ्यावी, असा आदेश आपण द्यावा. त्या भेटीचा वृत्तान्त संसदेच्या पटलावर ठेवावा.

आपला विश्वासू,
एक कॅथलिक नागरिक, वसई