आपल्या खासदारांचे मत कुठे नोंदले?

महोदय,

लोकसभेत गोव्याचे दोन आणि राज्यसभेत एक, असे आपले तीनच खासदार. मुरगाव बंदरालाही लागू होणारे महाबंदर प्राधिकरण विधेयक १० फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत ८४ विरुद्ध ४४ मतांनी संमत झाले. तिथे मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या मताची मोजणी, झाली, म्हणून कोणी कुठे मत दिले याची नोंद राहिली. पण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. 'हो' आणि 'नाही'च्या आरोळ्यांत कोणाचा आवाज कुठला, हे कागदावर येतच नाही. गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींना राखीव जागा देण्याचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत गदारोळात, आवाजी मतदानानेच संमत झाले. गावडा, कुणबी, वेळीप बांधवांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेल्या हक्काला चर्चेची पाच मिनिटेही मिळू नयेत, याचे फार वाईट वाटले.

पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, हे मान्य. तरीही मतविभागणी मागण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे, आणि मत दिल्यावर त्याचे कारण गावात येऊन सांगायला कोणताही पक्षादेश आडवा येत नाही.

आपल्या दैनिकाने प्रत्येक अधिवेशनानंतर तिन्ही खासदारांची हजेरी, प्रश्न आणि नोंदले गेलेले प्रत्येक मत छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक मतदार, डिचोली